कथित आरोपी म्हणा, कथित लेखक म्हणू नका

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी आपल्या अंकात पान ३ वर 'अशुद्ध मराठीने फोडले भामट्यांचे बिंग' अशी चार कॉलमी बातमी आली, त्यातला आरोपी क्रमांक ४ मी. वकिलांनी सांगितलंय की केस कोर्टात आहे तोवर तोंड उघडायचं नाही आणि पेपरात तर अजिबात नाही, बायकोनंही तेच सांगितलंय, फक्त जरा वेगळ्या शब्दांत. तरी लिहितोय. कारण अटक झाली त्याचं एवढं काही वाटलं नाही, जामिनाला चार दिवस लागले त्याचंही नाही, पण तुमच्या वार्ताहरानं तिसऱ्या परिच्छेदात मला "कथित लेखक" म्हटलंय ते वाचल्यापासून मला झोप नाही.

कथित आरोपी म्हणा ना. कायद्यानं तेच बरोबर आहे, गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. पण लेखक मी कथित नाही. तीन नाटकं, एक कादंबरी, एक कवितासंग्रह आणि जत्रेच्या स्मरणिका तर किती केल्या त्याला गणतीच नाही. कादंबरीच्या ३०० प्रती काढल्या होत्या पदरचे पैसे घालून, त्यातल्या २११ आजही आमच्या पलंगाखाली आहेत. हा आकडा मला नक्की माहीत आहे कारण पोलिसांनी पंचनाम्यात त्या "एकसारख्या मजकुराच्या संशयास्पद प्रती" म्हणून एकेक मोजून काढल्या.

दुसरं म्हणजे, बातमीत लिहिलंय की ती जुनी म्हणून दाखवलेली पत्रं शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली होती, म्हणून पकडली गेली. तसं नाहीय ते. चुका नव्हत्या, आणि ज्याला तुम्ही चुका म्हणताय त्या माझ्या नव्हत्या. कोणाच्या होत्या ते सांगण्यासाठीच हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी फोंडा तालुक्यातला, गावाचं नाव राहू दे, गावाला आधीच पुरे झालंय माझं. अर्धा दिवस एका सोसायटीत हिशेब लिहितो. बायको सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका, चौथीपर्यंत मिळून पोरं ९, तेव्हा ती शाळा किती दिवस आणि तो पगार किती दिवस हा प्रश्न घरात रोज जेवताना ताटात असतोच. बाकी माझं लिखाण म्हणजे सरपंचांची भाषणं, लग्नपत्रिकेतला मजकूर, कोणी गेलं की तुमच्याच पेपरातली श्रद्धांजली (तिचे पैसे तुम्ही घेता, मला कोणी देत नाही), आणि जत्रेला, शिगम्याला नाटक. आपल्याकडे देवळाच्या मांडवात रात्री मराठी नाटक नाही झालं तर देव उठत नाही अशी परिस्थिती आहे, वीजखात्याचा लाइनमन दुर्योधन, बँकेतला शिपाई भीष्म, पहाटे तीनपर्यंत चालतं, लोक चटया घेऊन येतात आणि अर्धे तिथंच झोपतात. लेखकाला नारळ मिळतो आणि स्टेजवर शाल. माझ्याकडे शाली १४ आहेत, गोव्यात, जिथं थंडी पडत नाही.

गेल्या वर्षी शिगम्याला माझं नाटक झालं त्यात दुसऱ्या अंकात एक पत्र आहे. साल १९३८, गावातली एक विधवा काकी मुंबईला असलेल्या आपल्या दिराला लिहिते, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक पांढरी मोठी गाडी, आतून एक इसम उतरले, गळ्यात जाड चेन, सगळे त्यांना पात्रांव म्हणतात म्हणून मीही तेच म्हणेन. मला म्हणाले, "मास्तर, काल वाचलं ते पत्र खरं होतं की तुम्ही लिहिलेलं?" मी म्हटलं मी लिहिलेलं. तर ते माझ्याकडे नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "मला खरं वाटलं हो."

संपादक महोदय, तीस वर्षं लिहितोय, एवढं मोठं कौतुक मला कोणी केलं नव्हतं. परीक्षकांनी "संहितेत काटछाटीस वाव" म्हटलंय, तुमच्या समीक्षकानं एकदा "नेपथ्य उत्तम" म्हटलंय. हा माणूस म्हणतो मला खरं वाटलं. त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला हॉटेलात नेलं, चोणक फ्राय मागवला, आख्खा, आणि म्हणाले की ते एका जुन्या घराचं हेरिटेज होमस्टे करतायत, भिंतींवर जुनी घरगुती पत्रं फ्रेम करून लावायचीत, टुरिस्टांना असलं आवडतं. एका पत्राचे ३,००० रुपये. काकीचीच पत्रं लिहा म्हणाले, पुढं पुढं नेत जा. मी चोणकाचा काटा काढता काढता मनात पहिलं पत्र लिहून टाकलं होतं.

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. शनिवारी कदंबा बस पकडून पणजीला जायचं, पाटोवर सेंट्रल लायब्ररीत बसायचं. ही लायब्ररी १८३२ सालची, तिथं पोर्तुगीज काळातली मराठी नियतकालिकं बघायला मिळतात. ती भाषा कानात मुरवायची आणि रात्री घरी येऊन लिहायचं. मी कसलीही कसूर ठेवली नाही. पैसे सगळे पोर्तुगीज रुपयांत, एस्कुद आला १९५८-५९ला म्हणून एस्कुद कुठंही नाही. आणि लिहिणं जुन्या वळणाचं. म्हणजे अनुस्वार. तुमच्या तरुण वाचकांना ठाऊक नसेल, साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम आले १९६२ला, मग १९७२ला आणखी ४, तेव्हापासून न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून गेले. त्याआधी लोक "घरांत", "नाहीं", "तें", "मीं" असंच लिहायचे. (कोकणीत अजून आहेत ते, तें, कितें, हांव, कोकणीवाल्यांनी आपली टिंबं सांभाळली, आपण घालवली. हा वेगळा विषय.) तेव्हा १९३८ची काकी लिहिणार तर टिंबांसकट लिहिणार. माझ्या दुसऱ्या पत्रातलं एक वाक्य देतो (भाट म्हणजे आपली नारळांची बाग), कृपया जसंच्या तसं छापा:

"भाटांत नारळ पडतो त्याचा आवाज रात्रीं ऐकूं येतो आणि मला वाटतें आपणच आलां."

एका वाक्यात पाच टिंबं मोडीत निघालेल्या नियमाची, मोजून बघा. पात्रांवना मात्र वाक्य आवडलं नाही, म्हणाले, "दिराला असं कशाला लिहिते ती? होमस्टेला फॅमिली येतात." मी म्हटलं ते तसंच राहणार.

सहाव्या पत्राच्या वेळी त्यांनी पहिल्यांदा काहीतरी घालायला सांगितलं. पूर्वेला वहाळ, पश्चिमेला कोमुनिदादची म्हणजे गावकीची जमीन, उत्तरेला देवळाची वाट, दक्षिणेला अमक्याचं कुळागर. आता मला सांगा, होमस्टेच्या भिंतीवर चतुःसीमा कशाला लागते? मला तिथंच कळलं. नाही असं म्हणणार नाही, पोलिसांनाही तेच सांगितलंय. मी काय पेपर वाचत नव्हतो? २०२२च्या जूनमध्ये सरकारनं जमीन हडप प्रकरणांसाठी एसआयटी नेमली, निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमला, मालक मुंबईला नाहीतर पोर्तुगालला, घराला कुलूप, इकडे कोणीतरी पोर्तुगीज काळातलं विक्रीखत 'सापडलं' म्हणून जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवतो, हे सगळं तुमच्याच पेपरात मी वाचलेलं. तरी मी काय केलं, तर ती चतुःसीमा पत्रात बसवली. आणि कशी बसवली ते ऐका. काकी संध्याकाळी दिवा लावून भाटातून एक फेरी मारते, पूर्वेला वहाळाशी थांबून पाय धुते, पश्चिमेला कोमुनिदादच्या शेतात कोणीतरी गातंय ते ऐकते, असं करत चारी बाजू फिरून घरी येते आणि म्हणते, एवढें सर्व आहे आणि बोलायला कोणी नाहीं. त्या चतुःसीमेवर मला स्वतःला रडू आलं. आमच्या वकिलांनी ते वाचलं आणि डोक्याला हात लावला.

एकूण ११ पत्रं झाली. नऊ काकीची. दहावं गावच्या शाळामास्तरांचं, १९४९चं, काकी गेल्याचं कळवणारं. अकरावं दिराचं, "मीं निघतों आहें", जे ती गेल्यावर पोचतं. पैसे पहिल्या तीन पत्रांचे मिळाले, ९,०००. उरलेले २४,००० आजपर्यंत येणं आहेत. ठाण्यावर विचारलं तुला किती मिळाले, मी म्हटलं साहेब २४,००० बाकी आहेत, त्याची तक्रार इथंच घ्याल का. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

आता इथं तुमचा पेपर येतो, लक्ष देऊन वाचा.

ती अकरा पत्रं मला नुसती भिंतीवर टांगायला द्यायची नव्हती. म्हणून मी ती सप्टेंबरात कथा म्हणून आपल्या दिवाळी अंकाला पाठवली. आपण छापलीत. पान ८७ ते ९६, मध्ये पान ९१ वर फरसाणाची जाहिरात. आणि छापताना आपल्या डीटीपीवाल्यानं की मुद्रितशोधकानं, कोणी ते तुम्ही शोधा, सगळी टिंबं उडवली. सगळी. "भाटात नारळ पडतो त्याचा आवाज रात्री ऐकू येतो आणि मला वाटते आपणच आला." मी अंक हातात घेतला आणि जेवलो नाही. फोन केला तर ऑफिसातून कोणीतरी सांगितलं, "काका, प्रमाणलेखनानुसार केलंय, उलट सुधारलंय."

पात्रांवचा एक भाचा आहे, आरोपी क्रमांक २. पत्रं निबानं जुन्या कागदावर उतरवायचं काम त्याच्याकडे. पावसाळ्यात कागद वाळत नाही, बुरशी धरते, म्हणून त्यानं काम ठेवलं नोव्हेंबरवर. नोव्हेंबरात माझी हस्तलिखितं काढून बसला तर त्याला वाचता येईनात. मला फोन, "सर, तुमचें अक्षर म्हाका कळना." मी म्हटलं येऊन वाचून दाखवतो. तर म्हणाला नको, दिवाळी अंकात आलंय ना, ते स्वच्छ छापलेलं आहे, त्यातनंच उतरवतो. मला त्या क्षणी आनंद झाला, का तर अंक कोणीतरी विकत घेतला. मूर्खपणा, पण लेखक असाच असतो, चुलीत घातला तरी विचारेल कुठल्या पानापासून पेटवलं.

मग कागद जुने दिसावेत म्हणून केलेले उद्योग. कोरी पानं एका बंद पडलेल्या दुकानाच्या चोपड्यांतली, ती खरोखरच जुनी. पण शाई ताजी दिसते म्हणून पत्रं पहाटे पदेराच्या भट्टीत ठेवली, पाव निघाल्यावर राहते त्या धगीवर. चौथं पत्र करपलं, ते पुन्हा लिहावं लागलं. बाकीच्यांना असा वास लागला की फाइल उघडली की गरम उंड्यांची आठवण यावी. त्याच्या पुढची कल्पना पात्रांवची स्वतःची, वाळवीची भोकं पाहिजेत, म्हणून पत्रांचा गठ्ठा नेऊन ठेवला रोयणीत. आता रोयण म्हणजे आपल्याकडे सांतेर, वारुळाच्या रूपात देवी, देवळात पुजतो आपण तिला, तिथं बनावट कागद ठेवायचे म्हणजे ह्या लोकांना काही भीती? तीन दिवसांनी बघतात तर सातवं आणि आठवं पत्र पूर्ण गेलेलं, एक अक्षर शिल्लक नाही, दोन्ही पुन्हा उतरवावी लागली. माझं लिखाण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोणी फस्त केलं असेल तर त्या वाळवीनं.

इथवर सगळं चाललं असतं. अडचण झाली ती अशी की पोर्तुगीज विक्रीखत लिहिणारा माणूस वेगळा होता. (त्याला एका खताचे माझ्या चौपट मिळायचे. १९८७च्या राजभाषा कायद्यापासून आपण मराठीच्या स्थानाबद्दल ओरडतोय, पण बनावट कागदाच्या धंद्यातसुद्धा मराठीला पोर्तुगीजच्या पाव किंमत, याबद्दल एखादा अग्रलेख येऊ द्या.) त्यानं खतावर तारीख घातली १९५३ची. काकीनं जमीन १९५३ला पात्रांवच्या आजोबांना विकली. आणि माझी काकी तर १९४९ला मेलेली, मास्तरांचं पत्र आहे तसं.

मार्च महिन्यात पात्रांव माझ्याकडे आले आणि म्हणाले मास्तर, काकीला जिवंत करा. मी म्हटलं खताची तारीख बदला. ते म्हणाले त्याच्यावर शिक्के बसलेत. मी म्हटलं मग मास्तरांचं पत्र काढून टाका. तर म्हणाले भाच्यानं सगळी पत्रं आधीच कचेरीत दाखल केलीत. मी साफ नाही म्हटलं. तुम्हाला वाटेल मी तेव्हा तरी कायद्याला घाबरलो, तर नाही. मी नाही म्हटलं कारण दहावं पत्र माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे आणि काकी परत उठून बसली तर अकराव्या पत्राला काही अर्थच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीतून घरी येताना मला गाडीत घातलं आणि डोंगरावरच्या एका काजूच्या भट्टीवर नेऊन ठेवलं. ऐन काजूचा हंगाम, कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, बोंडू तुडवलेले, त्यांचा रस, निरो, आंबत घातलेला, तो आंबूस गोड वास नाकात इतका बसला की आजही पाव खाताना येतो. राखण करायला ठेवलेला इसम बघतो तर आमचा दुर्योधन! लाइनमन. तोही ओशाळला. म्हणाला, "सर, माफ करा हां, पात्रांवचे ४०,००० आहेत माझ्यावर." मग आम्ही दोघं बसलो. त्यानं हुर्राक (काजूची दारू) आणि लिमका आणली, मीठ लावून हिरवी मिरची चिरली, कंदील लावला, आणि म्हणाला तुम्ही लिहा, मी बसतो. मी म्हटलं लिहिणार नाही. तर मांडी थोपटून माझ्याच नाटकातला संवाद माझ्यावर टाकला, "सुईच्या अग्रावर राहील एवढी भूमीसुद्धा मिळणार नाही!" हे वाक्य तसं माझं नाही, महाभारताचंच आहे, पण तिथं, जमिनीच्या प्रकरणात, मध्यरात्री, त्या भट्टीवर, मला असं हसू सुटलं की ठसका लागला.

दोन रात्री मी लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याच दुर्योधनाला फोन केला, हे कुठं आहेत काही माहीत आहे का म्हणून, त्यानं माझ्यासमोर सांगितलं, "सर रिहर्सलला आहेत वहिनी." आणि तिनं विश्वास ठेवला. वर सांगितलं की पेपरातून ५०० चा चेक आलाय, त्यांना सांगा. तो चेक आपल्या दिवाळी अंकाच्या मानधनाचा, महोदय. दिवाळीचा, शिगमो झाल्यावर. मी कोंडलेला असताना जगातून मला आलेला एकमेव निरोप.

त्या रात्री लिहिलं. काकी मेली नव्हती, तिला झटका आला होता, मास्तरांनी घाईनं पत्र टाकलं, तिरडीवर बांधल्यावर ती उठून बसली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "दिवा कां नाहीं लावला?" मग ती चार वर्षं जगली, दीर आलाच नाही, शेवटी १९५३ला जमीन विकून टाकली. दुर्योधन कंदिलाच्या उजेडात ऐकत होता, मुसमुसायला लागला. अंगात हुर्राक होती तरी टिंब मी एकही सोडलं नाही, आणि अक्षर मुद्दाम पोरांच्या कित्त्यासारखं मोठं काढलं, भाच्याला कळावं म्हणून.

आणि तिथंच फसलं. बारावं पत्र कुठं छापून आलेलं नव्हतं, त्यामुळे भाच्याला ते माझ्या हस्ताक्षरावरूनच उतरवावं लागलं, टिंबांसकट. कचेरीतल्या एका बाई आहेत, मराठीत एम.ए. झालेल्या, त्यांनी बारा पत्रं एकाशेजारी एक लावली. पहिली अकरा, १९३८ ते १९४९, सगळी १९६२ नंतरच्या शुद्धलेखनात. बारावं, १९५३चं, जुन्या शुद्धलेखनात. त्यांनी वर लिहून पाठवलं की सदर बाईंचं लेखन निधनानंतर जुन्या वळणाचं झालेलं दिसतं, तरी खुलासा व्हावा. ही टिप्पणी मी स्वतः पाहिलीय, फाइलला लावलेली आहे. माझ्या लिखाणावर इतकं बारीक वाचन आजवर कोणी केलं नाही आणि मला त्या बाईंना एकदा भेटायचंय, पण जामिनाच्या अटीत साक्षीदारांना भेटता येत नाही.

म्हणजे अशुद्ध मराठीनं काही फोडलेलं नाही. अकरा पत्रं तुमच्याच प्रमाणलेखनात होती, आणि ती तशी कोणी केली तेही वर सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगायची नव्हती पण सांगतो. ती पत्रं आपल्या दिवाळी अंकात शब्दन् शब्द छापलेली आहेत हे पोलिसांना माहीत नव्हतं, कचेरीला नव्हतं, ज्या वार्ताहरानं बातमी लिहिली त्यालाही नव्हतं, आणि बातमीच्या चौकटीत आपण "आरोपींनी तयार केलेल्या पत्रातील नमुना" म्हणून जो उतारा दिलात तो आपल्याच पान ८९ वरचा आहे. मला अटक झाल्यावर मीच अंक नेऊन दाखवला, म्हटलं साहेब ही कथा आहे, आधी छापलेली आहे. साहेबांनी अंक जप्त केला. आता तो मुद्देमाल आहे, माझ्याकडे लेखकाची प्रत म्हणून एकच आली होती.

कलमांचं म्हणाल तर फसवणुकीचं ४२० आता राहिलं नाही, नव्या न्याय संहितेत ३१८(४) झालंय, बनावट कागदाची ३३६ आणि पुढची. आमच्या गावात माझ्यामागे पोरं काय म्हणून ओरडणार, "तीनशे अठरा"? यमकात बसत नाही कशाच्या. दर सोमवारी ठाण्यावर हजेरी असते. तिथले हवालदार बाराही पत्रं वाचून बसलेत, पुरावा म्हणून वाचावीच लागतात, आणि दर सोमवारी मला विचारतात, दीर का आला नाही? मी सांगतो साहेब, अकराव्या पत्रात निघालाय, बाराव्यात आलेला नाही, मधलं मला माहीत नाही. त्यांना ते पटत नाही.

खऱ्या मालकीणबाई मुंबईहून आल्या होत्या, सत्तरीच्या असतील, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्हीच का ते लिहिणारे? मी मान खाली घातली. त्यांनी पिशवीतून आपल्या आजीची खरी पत्रं काढली, त्याच जमिनीवरून लिहिलेली, मुंबईला. ठाण्यातल्या बाकावर बसून मी ती वाचली. एकात होतं, "नारळ २०० पाठविले, १९३ पोंचल्याचें कळलें, सात कोठें गेले तें विचारणें." पुढच्या पत्रात पुन्हा सात नारळ. त्याच्या पुढच्यात नातू झाल्याची बातमी, अभिनंदन, आणि शेवटी, "सातांचें कळविलें नाहीं." बस. रडणं नाही, दिवा नाही, वहाळाशी पाय धुणं नाही. मी दोनदा वाचली आणि परत दिली. बाई म्हणाल्या, "आमच्या आजीनं तुमच्यासारखं कधी लिहिलं नसतं हो. दिराला तर नाहीच." सात नारळांचं मला सुचलं नव्हतं हे मी त्यांना सांगणार होतो, पण तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

तरी आपल्याला विनंती एवढीच, पान ३ वरच दुरुस्ती छापा, त्याच टायपात, "कथित लेखक" ऐवजी "लेखक" असं वाचावं, आणि पत्रांतली मराठी अशुद्ध नव्हती, ती दिवाळी अंकात सुधारण्यात आली होती, असं. पत्र लांबलंय, जागा नसेल तर दुर्योधनाचा भाग कापा, त्यालाही जामीन मिळायचाय अजून. पण वर अवतरणात दिलेलं ते भाटातल्या नारळाचं वाक्य पहिल्यांदा दिलंय तिथं पाच टिंबांसह आणि दुसऱ्यांदा दिलंय तिथं त्यांच्याशिवाय जायला पाहिजे. दोन्ही सारखी झाली तर अख्ख्या पत्राचा अर्थ जाईल. आपल्या डीटीपी विभागाला स्वतः जाऊन सांगा, फोनवर सांगू नका.

आपला नियमित वाचक आणि लेखक
(नाव-पत्ता आपल्या मंगळवारच्या अंकात आहेच)